मागच्या खोलीची खिडकी
कुठं चुना भिजवला, की त्या उग्र वासानं मला मोर्शीच्या आमच्या घराची मागची खोली आठवते. कपाशीनं सलग दगा दिलेली ती वर्षं होती आणि बाबा वरूडला संत्री भरायच्या कामाला जात. त्या बिनखिडकीच्या खोलीत निजणारी माझी धाकटी बहीण सारखी खोकायची. औषध संपलं, की पुन्हा ताप यायचा. एकदा दवाखान्यातली नर्सबाई घरी आली. तिनं भिंतीला टेकलेली पेटी सरकवली, तर मागं काळी बुरशी पसरलेली. ती आईला म्हणाली, “पोरीले नुसतं औषध पाजून काय व्हते? पयले ही ओल घालवा. खोलीत ऊन येऊ द्या.” आईनं लगेच पदर खोचला, शेजारच्या गवंडी चाचांना बोलावलं आणि दुपारीच खिडकी पाडायला भिंतीवर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, पडली. मी घमेल्यानं माती बाहेर नेत होते, जमिनीवर पाय ठरत नव्हता. सब्बलीचं टोक आरपार निघालं, तशी अंगणात बसवलेली बहीण टाळ्या वाजवायला लागली. संध्याकाळी बाबा आले. त्यांना न विचारताच भिंत फोडली होती. त्यांनी भोकातून हात घालून पाहिला. “येवढीशी खिडकी कावून ठेवली? पोरीले बाहेरचं दिसलं पाह्यजे,” म्हणाले आणि स्वतःच सब्बल उचलली. भिंत वाळल्यावर चुना मारला. त्या हिवाळ्यात बहिणीची शाळा एक दिवसही बुडाली नाही. आता ती दोन लेकरांची आई आहे, पण तो दिवस आठवला, की घमेलं उचलायला माझे हात अजून शिवशिवतात.