मंदाताईंचं रो-हाऊस

घरं विकायच्या धंद्यात घरं जातात लोकांकडे, किस्से मात्र ऑफिसातच साठत राहतात. वाईतल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं. मालक म्हणजे भाऊ, रिटायर्ड हवालदार. जाहिराती टाकणारी रूपाली. आणि किल्ल्या घेऊन स्कूटरवर हिंडणारा मी. गेलं वर्षभर आमच्या तोंडी एकच घर आहे, मंदाताईंचं रो-हाऊस.

घर एकदम झकास! खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम, सरकत्या खिडक्या, अंगणभर फरशी. झाडलं, पुसलं, संपलं. रूपालीनं जाहिरातीत लिहिलं, 'लो मेन्टेनन्स.' पण मंदाताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ताई रिटायर्ड नर्स, घरात एकट्या. जिना चढवेना म्हणून झोपणं हॉलमध्ये आलं. सांगलीच्या लेकीनं तळमजल्यावरची खोली तयार ठेवलीय. घर विकलं की ताई निघणार. एवढं सोपं काम, असं मला वाटलं होतं!

*

पहिलं गिऱ्हाईक साताऱ्याचे एक प्रोफेसर. भाऊंनी त्यांना दारातून थेट वरच्या बाथरूमपाशी नेलं आणि मागच्या भिंतीची ओल दाखवली. मी कपाळाला हात लावला.

प्रोफेसर म्हणाले, "अहो, तुम्ही घर विकताय की मला हाकलताय?"

"साहेब, वाई केवढी? उद्या तुमी मंडईत भेटणार. तवा कुठल्या बोळात तोंड लपवू?"

प्रोफेसरांनी घर घेतलं नाही. पण आपला साताऱ्याचा फ्लॅट विकायला भाऊंकडेच दिला! ओल मात्र भाऊंनी दुसऱ्याच दिवशी गवंडी आणून काढली.

*

मग जतहून एक जोडपं आलं. मुलगा वाईत नोकरीला, त्याच्याजवळ राहायचं म्हणून. काका वरच्या खोल्या बघायला निघाले, मावशी सिंकपाशीच थांबल्या.

"टँकर कवा येतो?"

"टँकर नाही मावशी, नळ आहे. सकाळी तासभर येतं पाणी."

"रोज?"

"रोज."

मावशींनी नळ सोडला, बोटं ओली केली आणि घट्ट बंद केला. मग जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "आवं, वरचं बघू नगा! घर पसंत हाय!"

सगळं ठरलं, फक्त दोन शेळ्यांचा प्रश्न उरला. रूपाली म्हणाली, "पार्किंग आहे की!"

"फरशीवर शेळीचं पाय घसरत्यात, बाई."

मावशी हळहळत गेल्या. रूपालीचं लो मेन्टेनन्स असं शेळीपुढे हरलं.

*

पुण्याचे साहेब आले ते मात्र पक्के. घर आवडलं, किंमत मान्य. ताईंनी चहा दिला आणि सहज विचारलं, "राहायला कधी येणार?"

"दर शनिवार-रविवार! बाकी दिवस कुलूप."

"मग नाही जमणार," ताई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर मी जरा चिडूनच कारण विचारलं. ताईंनी अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या रो-हाऊसमध्ये आप्पा राहतात. पंच्याऐंशीचे, तेही एकटे.

"रोज सकाळी चहा करून हाक मारते. कप घ्यायला त्यांचा हात आला की माझा जीव भांड्यात पडतो. सोमवार ते शुक्रवार त्यांना कोण हाक मारणार?"

"आणि तुमचे गुडघे, ताई?"

"ते माझे आहेत. बघीन मी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्यासोबत आलेल्या भाऊंनी उठून ताईंना कडक सॅल्यूट ठोकला. हवालदाराचा सॅल्यूट असा सहजासहजी मिळत नाही!

*

परवा सकाळी रिक्षा करून आप्पाच ऑफिसात हजर! रूपालीनं खुर्ची दिली, चहा मागवायला निघाली.

"नगं पोरी. डॉक्टरनं च्या बंद केलाय, वरीस झालं."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मी विचारलं, "मग रोज सकाळी ताई देतात तो?"

"त्यो घेतो की! कप आणायला गेलो न्हाई तर मंदा उठली का न्हाई, कळायचं कसं? बाई गुडघ्यानं अधू, घरात दुसरं माणूस न्हाई." आप्पा भाऊंकडे वळले. "तिचं घर तेवढं लवकर इका रं. पोरगा दोन वरसं साताऱ्याला बोलावतोय. हिला एकटी टाकून मी निघू कसा?"

भाऊंनी विचारलं, "आप्पा, ह्ये ताईंना सांगितलंत का?"

"खुळा का काय तू! तिच्यासाठी थांबलोय कळलं तर 'आधी तुमी जा' म्हणून हटून बसंल, जायचीच न्हाई. आन् तू बी बोलायचं न्हाईस!"

"न्हाई बोलत. ताईंना एवढंच सांगतो, आप्पा पोराकडं साताऱ्याला निघालेत," भाऊ म्हणाले, आणि रूपालीला पुण्याच्या साहेबांचा नंबर लावायला सांगितला.