शकुमावशीच्या कांडपाला श्रद्धांजली

मालाड पूर्वेला, नव्या टॉवरच्या पाठीमागच्या बोळात सुलक्षणा परब मसाल्याचं कांडप चालवते. लोखंडी मुसळांचं ते यंत्र तिच्या सासूने घातलेलं. सासरे कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा रडत बसण्याऐवजी सासूने दागिने मोडून यंत्र आणलं, आणि शकु परबची अख्ख्या मालाडची शकुमावशी झाली.

तेव्हाचे मे महिने सुलक्षणेच्या नाकातून अजून गेलेले नाहीत. चाळीचाळीतल्या बाया भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन सकाळीच नंबर लावायच्या. शेजारणीवर विश्वास सगळा, फक्त मसाल्याच्या बाबतीत नाही. आपल्या बेडगीत दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून जी ती आपल्या उखळासमोर ठाण मांडून बसायची. पोरं शिंकायची, मावशी ओरडायची, आणि त्या खकाण्यात लग्नंसुद्धा जुळायची. ते दिवस आठवले की सुलक्षणेला आताचा बोळ खायला उठतो.

कारण चाळी पडल्या, बाया विरार-बदलापूरला गेल्या. गेले दोन मे यंत्र निम्मा वेळ गप्पच होतं. हाही मोसम कोरडा गेला तर जूनमध्ये यंत्र भंगारात द्यायचं, असं सुलक्षणेने भंगारवाल्याला सांगूनही टाकलं होतं.

तिची लेक तेजल ऐकेना. "आई, आता लोक नाक्यावर विचारत येत नाहीत गं. 'जवळचं मसाला कांडप' असं फोनला विचारतात. आणि फोनला तू माहीतच नाहीस."

तेजलने फोनच्या नकाशावर कांडपाची नोंद केली. नाव, वेळ, पत्ता झाला आणि फोटोपाशी गाडी अडली.

"दुकान त्यांचं. फोटो त्यांचाच लाव," सुलक्षणा म्हणाली.

सासूचा धड फोटो एकच होता, भिंतीवरचा, चंदनाचा हार घातलेला. तेजल जरा घुटमळली, पण आईपुढे कोण बोलणार? तो फोटो लावून तिने चाळीच्या जुन्या ग्रुपवर धाडून दिलं, "आजीचं कांडप नकाशावर आलंय. सगळ्यांनी पाच तारे द्या आणि दोन शब्द लिहा."

आता हार घातलेला फोटो दिसल्यावर आपल्या माणसांची बोटं काय लिहितात, हे मी सांगायला नको. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस भावपूर्ण श्रद्धांजल्या जमल्या, प्रत्येकीला पाच तारे. विरारहून चंपाताईंनी लिहिलं, "मावशी, तुमच्यामागे मालाड पोरकं झालं." कोणा कर्तव्यदक्ष माणसाने तर नकाशालाच कळवलं की मालकीण वारली. दुसऱ्या दिवशी कांडपाच्या नावाखाली लाल अक्षरं आली, 'कायमचे बंद'.

"वाट लागली," तेजल म्हणाली. "थांब, तक्रार करून हे सगळं काढायला लावते."

सुलक्षणा मात्र वाचत बसली होती. तीन वर्षांपूर्वी सासू गेली तेव्हा चाळ पांगलेली होती, तेराव्याला जेमतेम वीस पानं उठली. ते तिला फार लागलं होतं. आज सगळी माणसं एका जागी आली होती आणि तिला रडू आवरेना.

"ते लाल तेवढं काढ," ती म्हणाली. "माणसांचं काही काढायचं नाय. प्रत्येकाला उत्तर देता येतं ना? मी सांगते, तू लिही."

तेजलने हाराचा फोटो उतरवला, चालत्या यंत्राचा लावला, कांडप चालू असल्याचं नकाशाला कळवलं. मग तीन दिवस सुलक्षणा सांगत गेली. तिला चेहऱ्यापेक्षा मसाले जास्त आठवत होते. "चंपाताई, तुमच्या मसाल्यात तिरफळं जास्त असायची आणि लवंगी मिरची कमी, भाऊंना तिखट सोसत नसे म्हणून. कांडप चालू आहे, या."

उत्तरांना उत्तरं आली. त्यात मालवणी मसाला, मालाड, कांडप हे शब्द इतक्यांदा आले की फोन हे दुकान वरच दाखवायला लागला, असं तेजलचं म्हणणं. पंधरवड्यात टॉवरमधल्या अनोळखी बायका विचारत आल्या, बदलापूरची एक जुनी टोळी रिक्षा करून आली. सुलक्षणेने भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

आणि एक दिवस मुलुंडच्या मानसीने लिहिलं, "सुगंधा सामंत माझी आई. गेल्या वर्षी गेली. मसाल्याचं प्रमाण तिने कुठेच लिहून ठेवलं नाही. तुम्हाला आठवतं का?"

तेजल उत्तर लिहायला सरसावली, तसा सुलक्षणेने तिचा हात धरला. "प्रमाण असं चारचौघांत सांगायचं नसतं गो. तिला बोलव."

मानसी रविवारी आली. सुलक्षणेने बेडगी, धणे, दगडफूल एकेक करून तिच्यासमोर काढलं, शेवटी नाकेश्वर, म्हणजे नागकेशर, चिमूटभर कमी केलं, कारण सुगंधाला ते जास्त खपत नसे. मग मिरच्या भाजून उखळात घातल्या आणि मानसीला समोर बसवलं.

"उठायचं नाही हं. तुझी आई कधी उठली नाही."

मुसळं पडू लागली. थोड्या वेळाने वास वर आला आणि मानसीने ओढणी डोळ्यांना लावली.

"झोंबलं?" सुलक्षणेने विचारलं.

मानसीने नकारार्थी मान हलवली. "आईच्या हातचा मसाला डब्यात दोन चमचे उरलाय," ती म्हणाली. "संपेल म्हणून वर्षभर कोणी हात लावला नाही. आज घरी जाऊन तो घालून आमटी करते."