विठूच्या गाडीची रेस

जगनला कुणी झपाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या हायवेवरचे निम्मे ड्रायव्हर तसं म्हणतात आणि उरलेले माना डोलावतात. मी ताहेर. पनवेलला गोवा हायवेच्या कडेला गाड्यांचं वायरिंग करतो. गाडीतलं भूत बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरीत सापडतं, असा माझा अनुभव आहे.

जगन उरणकडचा. मिठागरवाल्यांच्या घरातला, पण मीठ गेलं तसा तो मासळीत आला. थोरला भाऊ विठू आणि तो, दोघांत मिळून कूलिंगच्या डब्याचा एक ट्रक. जगन करंजा बंदरावर लिलावात ओरडून माल घ्यायचा आणि विठू तो मुंबईला पोचवायचा. लिलावात बंदर डोक्यावर घेणारा हा माणूस साधा शर्टसुद्धा दादूसला, म्हणजे विठूला, विचारल्याशिवाय घेत नसे. मी चिडवायचो, की लग्नाची मुलगी तरी स्वतः पाहिलीस का रे? तर म्हणायचा, ‘दादूसनं पायली ना!’

त्या ट्रकची एक सवय होती. गाडी उभी असताना डबा तापायला लागला, की कूलिंगचं मशीन इंजिनकडे जोर मागायचं. मग इंजिन आपोआप रेस घ्यायचं, जरा वेळ गुरगुरायचं आणि परत खाली बसायचं. एका दुपारी करंजाला विठू गाडी चालू ठेवून केबिनमध्ये आडवा झाला होता. जगन जाता-येता गाडीजवळून गेला. रेस चढतेय, उतरतेय. दादूस झोपलाय, झोपू दे, म्हणून तो पुढे गेला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा विठू केव्हाच गेलेला होता. हार्ट अटॅक. मागे डब्यात मासळी मात्र कडक राहिली होती. जगन ती गोष्ट सांगताना दर वेळी मासळीचं सांगतोच, आणि मला तेवढं ऐकवत नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. वेणूला सांभाळू, असं सगळ्यांनी सांगून झालं. वेणू म्हणजे विठूची बायको. पोरीला शिकवू, हेही झालं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी जगन पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, ‘दादूस, तुजा डबा मी कदी काडनार नाय.’ लगेच कावळा उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आपण म्हणतो, पण तिथं ते कुणाला सांगणार?

त्यानंतर जगन मासळीच्या लिलावात गेलाच नाही. रिकामा, बंद डबा पाठीवर घेऊन ट्रक जवळजवळ दोन वर्षं दारात उभा राहिला. न्हावा शेव्याला कामं होती, पण उघडी गाडी हवी. शेवटी वेणूच म्हणाली, ‘काडून टाका तो डबा. त्याच्यान काय ते बसलेत?’ जगननं भंगारवाल्याकडून डबा आणि मशीन काढून घेतलं. दुसऱ्याच दिवशी समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला. आणि उभी गाडी आपोआप रेस घ्यायला लागली.

ठेवलेला ड्रायव्हर किल्ली टाकून पळाला. दुसरा यायला तयार होईना. जगन स्वतःच कशीबशी गाडी माझ्याकडे घेऊन आला. उतरल्या उतरल्या म्हणाला,

‘ताहेरभाई, डबा नाय, मशीन नाय. मंग रेस कोन मागतंय? शब्द मोडला म्हनून दादूस रागावलाय.’

मी हसलो. स्कॅनर लावला. कोड आला, कूलिंगचं मशीन उत्तर देत नाही. कोड पुसला, किल्ली फिरवली, दिवा परत हजर. कारण सरळ होतं. मशीन काढलं, पण गाडीच्या कंप्युटरला ते कुणी सांगितलंच नाही. किल्ली फिरली की तो मशीनला हाक मारतो आणि उत्तर आलं नाही की दिवा लावतो. मग मी खाली शिरलो. भंगारवाल्यानं पकडीनं तोडलेली वायर तशीच लोंबत होती. खाऱ्या हवेनं टोक हिरवं झालं होतं. ते चासीला टेकलं, की इंजिनला वाटायचं, मशीन जोर मागतंय. जगनला ओढून आणलं, टोक दाखवलं. म्हटलं, वेड्या, हे बघ तुझं भूत.

त्यानं नीट पाहिलं. मग म्हणाला, ‘काडायच्या आदी येकदा चालू कर.’

मी गाडी चालू करून खाली उतरलो. केबिन रिकामी होती. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. जरा वेळानं रेस चढली, थांबली, आणि हळूहळू उतरली. वायर मी आत्ताच हातात धरली होती, तरी माझ्या तोंडातून ‘या अल्लाह’ निघून गेलं.

‘अशीच,’ जगन म्हणाला. ‘त्या दिवशी पन अशीच.’

आणि त्यानं दार ठोठावलं. आधी हलकेच, मग मुठीनं. ‘दादूस. ओ दादूस. उठ.’ रेस पुन्हा चढली. तो ठोठावत राहिला. मला त्याचा हात धरावासा वाटत होता, पण धरला नाही. रेस खाली बसली तसा तो मागे सरला.

‘काड,’ म्हणाला.

मी वायर कापून टोक बंद केलं. स्कॅनरमध्ये जाऊन गाडीच्या यादीतून ते मशीन काढून टाकलं आणि कोड पुसला. दिवा गेला. इंजिन एका सुरात चालू लागलं. जगन कान देऊन उभा राहिला. चहा आला, गार झाला, तरी तो तसाच. रेस काही आली नाही.

मग त्यानं दार उघडलं, सीटकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला. त्याच वेळी कुणी त्याला कळवलं असावं, अशा आवाजात तो म्हणाला,

‘ताहेरभाई, दादूस मेला.’

दोन वर्षांपूर्वी विठूच्या मातीला मीही गेलो होतो. तरी मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘कधी रे?’