बांधावरच्या बोरी आणि माझी थोरली जाऊ

थोरल्या जावेचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. उगाच खोटं कशाला बोलू?

वाटण्या झाल्या तेव्हा बांधापलीकडचं रान तिच्याकडं गेलं, अलीकडचं आमच्याकडं. तिच्या बांधावर उमराण बोरी, फळं लिंबाएवढी. माझ्या बांधावर नुसत्या रानटी, काटे फार आणि फळ वाटाण्याएवढं. रानटी बोरीवर चांगल्या बोरीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरला की तिलाही तसंच फळ धरतं, हे आमच्या श्रीगोंद्याकडं पोरंसोरंही जाणतात. म्हणून मी उन्हाळ्यात बोरी बुडातून छाटल्या, त्यांना फुटवे येऊ दिले आणि आषाढात तिच्याकडं डोळकाड्या मागायला गेले. डोळे काढून घ्यायची कोवळी फांदी, ती डोळकाडी.

"अगं, मागायचं काय त्यात? ने की!" दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. केवढी ती माया! मी डोळे भरले. आठवडाभरात सगळे काळे पडले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तोवर दोनदा माझं पोट राहिलं होतं आणि दोनदा रिकामं झालं होतं. घरात पाळणा हलला नव्हता. आणि ही बया पिठाच्या गिरणीत चार बायांसमोर म्हणाली, "तिच्या हाताला गुनच न्हाई. तिच्या हातनं काय जगलंय आजवर?" घरी येऊन मी रडले, आणि मग रडल्याचाच राग आला. माझ्या हातनं जगलेलं झाड तिला बघायला लावीन, एवढंच मी ठरवलं.

तिसऱ्या वर्षी तिनं संध्याकाळी ये म्हणून सांगितलं, मी दुपारीच गेले. घरात कुणी नव्हतं. गोठ्याच्या पत्र्यावर, भर उन्हात, कापलेल्या काड्या पसरून ठेवलेल्या. एक उचलली, नखानं साल खरवडली. जिवंत काडी आत हिरवीगार असते. ही तपकिरी, खडखडीत. मी आल्या पावली परत फिरले. संध्याकाळी तिनं त्याच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या आणि वर म्हणते, "औंदा तरी नीट बांध गं बाई."

"व्हय अक्का," म्हणाले. अंगाची नुसती लाही लाही झाली होती. घरी आले आणि सगळ्या काड्या चुलीत घातल्या.

मग काष्टीजवळ माहेरी गेले. भावाला सकाळी त्याच्या उमराण बोरीच्या काड्या कापायला लावल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एसटीनं दुपारच्या आत घरी आणल्या. डोळा लागला नाही म्हणून खालचा खुंट मरत नाही, हे मला तोवर कळलं होतं. वाळल्या डोळ्याच्या खाली छाटायचं. नवा फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर, सावलीच्या बाजूनं, पुन्हा डोळा भरायचा. पट्टी घट्ट बांधायची, पण डोळा उघडा ठेवायचा. खालून रानटी फूट आली की खुडून टाकायची, दयामाया नाही. खुडताना मी कुणाचं नाव घ्यायची ते सांगायला नको.

सगळे नाही, पण बरेच लागले. बांधावरून तिला दिसत होतंच. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "कुनाच्या काड्या गं?"

"तुमच्याच की अक्का. दुसरं कोन देतंय आमाला?"

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही.

यंदा तिच्या नातीची पहिली संक्रांत. लेकराला मधे बसवून डोक्यावरून बोरं ओतायची, ते बोरन्हाण करायचं होतं. आणि नेमकी तिच्या बोरींवर भुरी, ती पांढरी बुरशी, पडून फळ गळून गेलं; माझ्या झाडांवर मी वेळेत गंधक मारलं होतं. तिची सून माझ्याकडं बोरं मागायला आली. पोर गुणाची आहे, तिच्यावर माझा राग नाही. तिला म्हटलं, "मीच घिऊन येते."

असल्या कार्यात अक्का मला कायम मागं बसवायची, लेकराला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी ओसरी बायांनी भरलेली. टोपली घ्यायला तिनं हात पुढं केला. मी सोडली नाही.

"पयली ओंजळ माझी."

अक्का हलेना. शेवटी सूनच म्हणाली, "घाला की, धाकट्या आत्याबाई."

मी लेकराच्या डोक्यावरून ओंजळ सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताज्या काडीची बोरं हायेत बरं का, अक्का. तुमी पत्र्यावर वाळवून दिलेल्या काड्या मी तवाच चुलीत घातल्या."

"म्हंजी?" कुणीतरी विचारलं. मग मी सांगितलं. पहिल्या वर्षापासून, गिरणीतल्या बोलण्यासकट, सगळं.

लेकरू खिदळत माझा पदर ओढत होतं. पोरं बोरांवर तुटून पडली होती. अक्का त्यांच्यात खाली बसली आणि माझ्या पायाशी पडलेली बोरं वेचू लागली. मान वर केली असती तर तिला दिसलं असतं, सगळ्या बाया तिच्याकडंच बघत होत्या.

मला वाटलं होतं, या घडीला तिची कीव येईल. आली नाही. मी टोपलीतून दुसरी ओंजळ भरून घेतली.