फुकटची दिल्ली आणि मामांची चिठ्ठी

दिल्लीला जायचं ठरलं ते निव्वळ माझ्या चिकटपणामुळे. जालन्यात शिकवण्या घेऊन जे उरतं त्यात मनालीबिनाली बसत नाही. पण राजधानीत तिकीट न काढता बघण्यासारखं इतकं आहे की तीन दिवस पुरत नाहीत, हे मी वाचून ठेवलं होतं. वाटूरच्या मामींना फोनवर सहज विचारलं, येता का? त्या लगेच हो म्हणाल्या. मागून मामांचा आवाज आला, "थांबा. आधी साहेबांची चिठ्ठी घेऊ द्या."

इथे मामांची ओळख करून द्यायला हवी. गावात कुणाचा दाखला अडला, कुणाला दवाखान्यात खाट मिळेना, की तो मामांकडे येतो आणि मामा एका माजी आमदारांची चिठ्ठी आणून देतात. मामांची सगळी इज्जत त्या चिठ्ठीवर उभी आहे. लग्न झाल्या झाल्या त्यांनी मामींना शब्द दिला होता की साहेबांच्या ओळखीनं, मोठ्या बंगल्यात उतरवून तुला दिल्ली दाखवीन. त्याला तीस वर्षं झाली. आता दिल्ली दिसणार होती ती भाचीच्या मोबाइलवर काढलेल्या तिकिटानं, आणि हे मामांना झोंबलं होतं. म्हणून निघताना काखेत प्लॅस्टिकची फाइल आली. आत शिक्का मारलेला कागद: 'पत्रवाहक माझे जुने कार्यकर्ते असून त्यांना योग्य ते सहकार्य व्हावे.'

जालन्याहून दुपारी सचखंड एक्सप्रेस पकडायची, दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत बसतं, पण आरक्षण दोन महिने आधी करा. या गाडीला वाटेत काही स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, भांडं मात्र आपलं लागतं. मी आणि मामी डबे घेऊन दारात उभ्या राहिलो. मामा जागेवरून हलले नाहीत. ओळख ना पाळख, असं कुणाचं कसं खायचं, हा त्यांचा मुद्दा होता. डाळ आल्यावर मात्र त्यांनी दोनदा घेतली.

पहाडगंजला एका साध्या लॉजमध्ये तिघांनी एक खोली घेतली. तिथल्या उशांबद्दल मी बोलणार नाही. पहिला पूर्ण दिवस लोधी गार्डनमध्ये आणि इंडिया गेटवर गेला, दोन्हीकडे दमडी लागली नाही. लोधी गार्डनमध्ये बादशहांच्या घुमटांखाली लोक योगासनं करतात, डबे खातात, भांडतातही. मामींनी तिथेच धपाटे सोडले. मामा गेटवरच्या माणसाला फाइल दाखवायला गेले होते. त्यानं हातानंच आत जा अशी खूण केली. चिठ्ठी चालली असं मामांनी जाहीर केलं. त्यांच्या मागून एक बकरीही आत जायला बघत होती. तिला मात्र त्यानं हाकललं, त्यामुळे इथे कुणालाही आत सोडतात हा माझा युक्तिवाद लंगडा पडला.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती भवनाची बाग. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सगळ्यांसाठी उघडी असते आणि प्रवेश फुकट. मोबाइलवर नाव नोंदवा, आधार कार्ड जवळ ठेवा, सोमवार टाळा. मामांना हे पटेचना. राष्ट्रपतींच्या घरी वशिल्याशिवाय? तपासणीच्या रांगेत त्यांनी पुन्हा चिठ्ठी पुढे केली. शिपायानं मराठी कागद आदरानं दोन्ही हातांत धरला, परत केला आणि म्हणाला, "ताऊ, बस आधार दिखा दो." ताऊ म्हणजे तिकडे थोरले काका. आत ट्यूलिपचे ताटवे पाहून मामी हरखल्या. दोन तासांत मामांनी एकदाच तोंड उघडलं, तेही इथे पाण्याची पाळी किती दिवसांनी येते हे माळ्याला विचारायला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हट्टच धरला. साहेबांच्या ओळखीचे एक खासदार होते, त्यांच्या बंगल्यावर जायचं. बाहेर पंधरावीस माणसं होती, प्रत्येकाच्या हातात फाइल. दीड तास उन्हात उभं राहिल्यावर गाडी निघाली. मामा पुढे झाले, हात जोडले. काचेआडून खासदारांनीही हात जोडले आणि गाडी गेली. चिठ्ठी हातातच राहिली.

"वळखलं बराबर," मामा म्हणाले. "हात जोडले मला."

"गेटाजवळच्या कुंडीला बी जोडले," मामी म्हणाल्या.

मामा फुटपाथच्या कडेवर खाली बसले. मी फोटोसाठी मोबाइल वर धरला होता, तो गुपचूप पर्समध्ये टाकला. खरंच लाज वाटली मला. तीन दिवस मी याच माणसावर मनातल्या मनात विनोद रचत होते.

मामी त्यांच्या शेजारी बसल्या आणि अगदी हळू बोलल्या. "सुमी आजारी पडल्ती तवा तुमची चिठ्ठी चालली न्हवती. ती घेऊन मी दवाखान्यात गेल्ते, तिथल्या लोकांनी बाजूला ठिवली. मंग मी पहाटेपासून रांगेत उभी राह्यले. तुम्हाला सांगितलं न्हाई."

सुमी म्हणजे त्यांची मुलगी. ती बरी झाली ती चिठ्ठीमुळे, असं मामा वीस वर्षं गावाला सांगत आले होते.

"काहून न्हाई सांगितलं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही लई खूश होतात."

तिथून आम्ही बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो, कारण भूक लागली होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. डोक्याला रुमाल तिथेच मिळतो. जेवून झाल्यावर मामी सरळ भटारखान्यात शिरल्या. लाटणं बाजूला सारून हातानं पोळी थापायला लागल्या, भाकरीसारखी. चार पंजाबी बायका कामं सोडून बघत राहिल्या. मामांना कुणीतरी मटार सोलायला बसवलं. शेजारचा सरदारजी कोण, कुठला, कुणाचा माणूस, हे मामांनी विचारलं नाही, आणि त्यानंही मामांना विचारलं नाही. दोघांनी मिळून दोन तासांत एक मोठं घमेलं भरलं. मी फक्त चपला सांभाळल्या, असं मामी आता सगळ्यांना सांगतात.

परत येऊन महिना झाला. तीन दिवसांत बघण्यावर एक रुपयाही गेला नाही, खर्च झाला तो प्रवासाचा, खोलीचा आणि चहाचा. मामा सुधारले असं समजू नका. बागेतल्या शिपायानं आपल्याला ताऊ म्हटलं, हे ते चौकात रोज सांगतात.

मागच्या रविवारी मी वाटूरला होते. गल्लीतले शेख चाचा आले. बायकोला जालन्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, साहेबांची चिठ्ठी मिळाली तर बरं होईल म्हणाले. मी ताटातून मान वर केली. मामी चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"चिठ्ठीनं काई होत न्हाई चाचा," मामा म्हणाले. "रांग कुठून लागती ते हिला ठाऊक हाय. उद्या पहिल्या गाडीनं ही येईल तुमच्यासंगट. मी बी येतो, शिकून घेतो."