संताला खुर्ची दिली

१९७८ सालच्या नोव्हेंबरात, सर्व पवित्र जनांच्या रविवारी, सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने एका हयात माणसाला संत म्हणून गौरवले. ते इस्पितळातून निवृत्त झालेले, मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, मूळचे लोणंदकडचे. गौरवाचा उद्देश त्यांना गप्प बसवणे हा होता.

उपासनेत खुल्या प्रार्थनेला वेळ असे. कोणीही जागेवर उभे राहून प्रार्थना करावी, असा नियम होता. उठत ते एकटेच. आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्यामुळे कोणाला कुठे काय झाले आहे हे त्यांना ठाऊक असे. देवालाही ते ठाऊक असेल, यावर त्यांचा भरवसा नसावा. ते त्याला नावानिशी आणि अवयवानिशी सांगत.

ऑगस्टमध्ये त्यांनी आमच्या खजिनदारांची मूळव्याध देवापुढे ठेवली. "प्रभू, ब्यांकेत दिसभर खुर्चीवर बसत्यात. लय आग हुतीया. सांगत न्हाईत कुणाला, लाजत्यात." मागच्या बाकांवर तरुण संघ बसला होता. खजिनदार पुढचे काही रविवार इस्लामपूरला बहिणीकडे उपासनेला गेले.

परतले ते ठराव घेऊन. पाळकांनी नुकताच उपदेश केला होता की पौल बायबलातल्या आपल्या पत्रांत साध्या विश्वासणाऱ्यांनाच पवित्र जन म्हणतो. तेव्हा संत म्हणजे कोणी मेलेला थोर माणूस नव्हे, तो शेजारच्या बाकावर बसलेला असतो. पंच कमिटीला हे पटले. दरवर्षी अशा एकाचा सत्कार करायचे ठरले. पहिला कोण, यावर प्रत्येक पंचाने आपले नाव नम्रपणे मागे घेतले. ते कोणी सुचवले नव्हते. मग खजिनदारांनी ड्रेसरांचे नाव मांडले आणि संताला व्यासपीठावर पाळकांशेजारी कायमची खुर्ची द्यावी, अशी पुस्ती जोडली. खुली प्रार्थना बाकांवरच्या लोकांची असे, व्यासपीठावरच्यांची नव्हे. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

मानपत्र मी लिहिले, कारण मी वर्तमानपत्रात होतो. कमिटीच्या आग्रहावरून त्यात 'मितभाषी' हा शब्द घातला. शाल दिली. नारळावर मूर्तिपूजेचा आक्षेप आला, म्हणून तासगावच्या बेदाण्यांचा पुडा दिला.

पुढच्या रविवारी ते शाल पांघरून आले आणि प्रार्थनेच्या वेळी सवयीने उठले. पाळकांनी शालीचे टोक धरले.

"आवं पाळकसाहेब, मग मी बोलू कवा?"

"बाबा, तुम्ही आता संत. तुम्ही नुसतं बसलात तरी आम्हाला आशीर्वाद."

"नुसतं बसून काय करू? मला प्रार्थना तेवढीच येतीया."

"आज वेळ नाही."

वेळ होता. तो लोकांनी छताकडे बघत घालवला. ड्रेसर खुर्चीत ओठ हलवत राहिले.

जानेवारीत डॉक्टरांनी खजिनदारांना शस्त्रक्रिया सांगितली. त्यांच्या पत्नी उपासनेत पेटी वाजवत. शनिवारी त्या ड्रेसरांच्या घरी आल्या, तेव्हा मी तिथे बसलो होतो.

"बाबा, उद्या यांच्यासाठी प्रार्थना करा."

"संताला बोलायची बंदी हाय, बाई. तुमच्याच मालकानं घातलीया."

"घरी करता ना?"

"घरी रोज करतो. मंडळीतलं न्यारं. समद्यांनी आमेन म्हणाया पायजे."

"मग मंडळीतच करा. ते घाबरलेत हो. रात्र रात्र झोपत नाहीत."

"आन् पाळकसाहेब?"

"त्यांचं मी बघते."

रविवारी ड्रेसर खुर्चीतून उठले आणि थेट मूळव्याधीपासून सुरुवात केली. पाळकांनी गीत सुरू करा, अशी पेटीकडे खूण केली. पेटीवरच्या बाईंनी भाता मिटला. पाळकांनी पुन्हा खूण केली. बाईंनी डोळे मिटले. प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली, तपशीलही जास्त होता. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटले. त्यात खजिनदारांचा आवाज सर्वांत मोठा होता.

शस्त्रक्रिया मिरजेला झाली. त्यानंतरच्या पंच कमिटीच्या बैठकीत, संताला पुन्हा बाकावर बसू द्यावे आणि त्यांच्या प्रार्थनेत कोणी अडथळा आणू नये, असा ठराव आला. तो खजिनदारांनी मांडला, उभ्यानेच. ठराव मंजूर झाला.