तेलासाठी वळवलेला दरवाजा

तेल बूमच्या खालून आत येत होतं. बोटीतून वाकून पाहिलं तर आतल्या बाजूला काळे थेंब एकेक करून वर येताना दिसले.

आखाती युद्ध चालू होतं. कुवेतकडे समुद्रात गेलेलं तेल वाहत वाहत सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर आलं होतं. तिथल्या एका प्लँटमध्ये मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. समुद्राचं पाणी गोडं करून शहराला द्यायचं, हे आमचं काम. ज्या तोंडातून पाणी आत ओढतात त्याला इन्टेक म्हणतात. तिथे तेल शिरलं की प्लँट बंद आणि शहराचे नळ कोरडे. म्हणून इन्टेकसमोर आम्ही बूम टाकला होता. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांब भिंत, खाली पडदा लोंबणारी. आम्ही तो प्रवाहाला आडवा, अगदी सरळ ताणला होता.

बोट चालवणारे इब्राहिमभाई रत्नागिरीचे. पाण्याला ओढ फार आहे, पडदा उचलला जातोय, असं ते म्हणाले. आमच्या सौदी मॅनेजरनी मागे दुसरा बूम टाकायला सांगितलं. तोही सरळच टाकला. तेल त्याच्याही खालून येऊ लागलं.

पंप पुरवणाऱ्या कंपनीचे जपानी इंजिनिअर तानाका-सान धक्क्यावर उभे होते. त्यांचे सहकारी युद्ध सुरू होताच मायदेशी गेले होते, हे मागे राहिले होते. मी किनाऱ्यावर येताच त्यांनी पिकअपच्या धुळकट बॉनेटवर बोटाने एक डोंगर काढला. मला वाटलं, माणूस थकलाय.

मग ते सांगू लागले. त्यांच्या गावामागच्या डोंगरमाथ्यावर एक किल्ला होता. खालच्या खिंडीवर त्याची नजर, म्हणून दोन सामुराई घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासाठी लढली. वाट थेट दरवाज्यावर यायची. शत्रू धावत यायचा आणि दरवाजा फोडायचा. जिंकणारा नवा, आणखी जाड दरवाजा बसवायचा. काही वर्षांनी दुसरं घराणं तोही फोडायचं. शेवटी एका सरदाराने दरवाजा जाड करणं सोडलं आणि वाटच वळवली. आता शत्रूला तटाच्या कडेकडेने जावं लागे, आणि वळण संपलं की तो चारी बाजूंनी बंद अंगणात सापडे. त्यानंतर लढून तो किल्ला कुणालाच घेता आला नाही.

मी नाशिकचा. असे दरवाजे मी लहानपणापासून चढत आलोय. “आमच्याकडे याला गोमुखी दरवाजा म्हणतात,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी एकदमच समुद्राकडे पाहिलं.

बूम तिरका लावायचा. तेल अडवायचं नाही, कडेकडेने धक्क्याच्या कोपऱ्यात न्यायचं आणि तिथून सक्शन टँकरने ओढून घ्यायचं.

मॅनेजरनी एकच प्रश्न विचारला. “बूमचं टोक सोडलं की इन्टेक उघडा पडेल. मधल्या वेळात तेल शिरलं तर?”

“तर प्लँट बंद होईल,” मी म्हणालो. “आत्ता आहे तसं ठेवलं, तरी संध्याकाळपर्यंत बंद होणारच आहे.”

त्यांनी पंप कमीत कमी वेगावर आणायला सांगितलं आणि म्हणाले, “यल्ला, चला.”

टोक सुटलं. बोटीने दोर ओढायला सुरुवात केली आणि नेमका तेव्हाच क्षेपणास्त्र हल्ल्याचा सायरन वाजला. नियमाने आम्ही शेल्टरमध्ये पळायला हवं होतं. इब्राहिमभाईंनी गॅस मास्क चढवला, मान हलवली आणि इंजिनाचा वेग वाढवला. मीही दोर सोडला नाही. भीती वाटत होती, पण खरं सांगतो, त्याहून जास्त चेव चढला होता.

दोर बांधला. काळा पट्टा बूमला टेकला, थबकला आणि हळूहळू कडेने सरकू लागला, थेट कोपऱ्याकडे. टँकरचा पाइप गुरगुरला. आतलं पाणी हिरवं राहिलं. कधी आवाज न चढवणारे तानाका-सान दोन्ही हातांनी बॉनेट बडवत होते.

पुढे किनाऱ्यावर तेल येत राहिलं, पण आमचा प्लँट बंद पडला नाही.

एकदा चहा पिताना मी विचारलं, किल्ला अखेर कुणाकडे राहिला? कुणाकडेच नाही, ते म्हणाले. देशात शांतता आली, किल्ला पाडायचा हुकूम निघाला, आणि दगड गावातल्या घरांना लागले.

आता ज्युनिअर इंजिनिअरना मी एवढंच सांगतो: येणारी गोष्ट थांबवता येत नसेल, तर तिने जायचं कुठे ते तुम्ही ठरवा. आणि टँकर आधी मागवून ठेवा.